धवल्यात राहिलेलं नाव

शहापूर
सोमवार, २८ एप्रिल २०२५

वाल्मिक,

रविवार, दिनांक २७ एप्रिल २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, म्हसा गावच्या घरी, तुझ्या मुलीच्या घाण्याच्या मांडवात, साठ-सत्तर माणसांसमोर तू माझ्या डाव्या गालावर मारलंस. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. ओटीवरचं घड्याळ माझ्या अगदी समोर होतं. गाताना नजर कुठेतरी ठेवावी लागते, ती मी तिथे ठेवली होती.

चष्म्याची डावी काडी तुटली. खालची एक दाढ हलते आहे. कानात कालपासून शिट्टी वाजते आहे. आज डॉक्टरांनी बॅटरी घालून पाहिलं, पडदा शाबूत आहे म्हणाले. कसं लागलं विचारलं, तर मी म्हटलं भावाकडे लग्न आहे. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

मी चौसष्ट वर्षांची आहे आणि तू एकोणसाठ. लहानपणी तुझं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलं आहे. ते राहू दे.

त्या घाण्याला तू मला बोलावलं नव्हतंस, हे मला ठाऊक आहे. रेश्माने बोलावलं. तुझ्या मुलीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, यात तुझा दोष नाही, ती अनितावर गेली आहे. तू त्या सुरजचा डीजे सांगून ठेवला होतास. रेश्मा म्हणाली, "आत्या, हळदीला बाबांना काय वाजवायचं ते वाजवू दे. घाण्याला आजीचेच धवले पाहिजेत, आणि ते तूच बोलायचे." मी दोन वर्षं डोळखांबला, आईबरोबर गाणाऱ्या धोंडीबाईकडे जाऊन ते शिकले ते कोणासाठी, असं तुला वाटतं? या वयात मला कोण लग्नाला उभी करणार आहे?

आपली आई धवलारीण होती हे तुला आठवत असेल. लोकांच्या लग्नघरी धवले गाऊन ती देवांना आणि मेलेल्यांना नावं घेऊन मांडवात बोलवायची. तिने बोलावल्याशिवाय मुरबाड तालुक्यात अर्ध्या गावांत हळद लागत नव्हती. मी तेच करत होते. पाच सवाष्णी एकत्र बांधलेली दोन मुसळं हळदीच्या उखळात घालत होत्या, मी गात होते. गावदेवी आली, खांबलिंगेश्वर आला. मग पितर सुरू झाले. आजा आला, आजी आली. आईचं नाव घेतलं, "हौसा धवलारीण" असं, आणि तू उठलास.

पुढे गडबड झाली. त्यात मुसळ सुटलं. कोणाला लागलं असेल तर मी जबाबदार नाही.

आईचा नियम तुला सांगायला नको. घाण्याचा धवला जिने उचलला तिनेच तो खाली ठेवायचा, दुसरीने हात लावायचा नाही. आणि तो पुरा झाल्याशिवाय ती हळद नवरीच्या अंगाला लागत नाही. लग्न ११ मेला आहे. साठ माणसांसमोर मारलंस, साठ माणसांसमोर माफी माग, मग मी येऊन पुरा करीन.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. शिवाय तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. फोनवर माणसं काय बोलतात आणि मग काय नाकारतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. जीपवाला साईनाथ हे तुझ्या हातात देईल.

जया


शहापूर
गुरुवार, १ मे २०२५

वाल्मिक,

काल दुपारी मला हवालदाराचा फोन आला.

"म्याडम, तुमच्या नावाचा तक्रार अर्ज आहे. भावाची दोन बोटं मोडलीत तुमी."

मी विचारलं, "कोणती?"

"काय कोणती?"

"बोटं."

त्याने कागद चाळला. "उजव्या हाताची. मधला आनि त्याच्या बाजूचा." मग जरा थांबून म्हणाला, "म्याडम, तुमी टीचर होता का?"

मी नाही म्हटलं. कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला लोक टीचर किंवा नर्स समजतात, तिसरं काही त्यांना सुचत नाही.

रात्री अनिताचा फोन आला, न्हाणीघरातून, नळ सोडून. बिचारीला वाटतं तू भिंतीतून ऐकतोस.

"बाय, यांचा डोका फिरलाय. हलद तशीच उखलात हाय, वर सूप झाकलाय. मुरबाडवरनं दुसरी धवलारीन आनली, तिनं ईचारलं कोनी उचललान? मी तुमचा नाव सांगितला. तं ती चा पन न पिता गेली. बोलली, दुसरीचा अर्धा मी नाय उचलनार, माझ्या लेकरांना बाधंल."

"मग आता?"

"आता हे बोलतात, पाकिटातली आनतो. रेश्मा बोलली, पाकिटातली लावाल तं मी पाटावर बसनार नाय. यांनी तिच्यावर हात उचलला. प्लास्टरचा. मंग स्वताच बोंबलले."

हे ऐकून मला हसू आलं. तू रेश्मावर हात उचललास त्याचं नव्हे. तुला दुखलं त्याचं.

आता पहिल्या पत्रात मी एक गोष्ट नीट लिहिली नव्हती, ती लिहिते. सिस्टर लोकांनी मला बाकी काही दिलं नसेल, पण खोटं लिहिलं की रात्री झोप लागत नाही ही खोड दिली.

मुसळ सुटलं नव्हतं. तू मला मारल्यावर बायकांनी मुसळं टाकली आणि मागे सरल्या. तू उखळात हात घालून हळद उपसायला लागलास. पहिली मूठ तू फेकलीस, ती अनिताच्या पायांवर पडली. तू दुसरी मूठ भरत होतास. मी दोन्ही मुसळं बांधलेली तशीच उचलली आणि घातली. पूर्ण उंचीवरून. हळकुंड फुटल्याचा आवाज कोरडा असतो. हा कोरडा नव्हता. तू ओरडलास तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मांडव ओलांडून रस्त्याला लागेपर्यंत टिकलं. मग जीपमध्ये मी ओकले.

अर्ज मागे घे असं मी म्हणणार नाही. तुला अधिकार आहे. बोटं मीच मोडली, हवालदाराला तसं सांगितलंही आहे. तो म्हणाला, असं कोणी फोनवर कबूल करत नाही, तुम्ही ठाण्यात येऊन नाकारा.

उत्तर डाव्या हाताने लिही. अक्षर तुझं उजव्याचंही कधी लागत नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. आईचं नाव घेतल्याबरोबर तू उठलास, असं मी लिहिलं. मध्ये दोन मिनिटं गेली होती. अकरा अडतीसला मी थांबले. त्या दोन मिनिटांत माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. बायका मुसळं घालत राहिल्या, नुसती धप धप, वर शब्दच नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "म्याडमची कॅशेट अडकली," आणि खुर्च्यांच्या तीन रांगा हसल्या. तुझे बदलापूरचे व्याही हसले, तोंडावर रुमाल धरून.  मी दोन्ही हातांनी उखळाची कड धरून ठेवली होती. तू पहिल्यांदा हळूच म्हणालास, "बाय, आता बाबांचा नाव घे." दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालास. तिसऱ्यांदा तू बोलला नाहीस.

तेव्हा धवला तुझ्या चापटीने तुटला नाही. तो आधीच तुटला होता, आणि माझ्या हातून. माफीची अट मी मागे घेते. चापट मात्र माझ्या हिशेबी आहे तशीच आहे.

जया


शहापूर
रविवार, ४ मे २०२५

वाल्मिक,

साईनाथ म्हणाला, "दादांनी चिठ्ठी उभ्याउभ्या वाचली नि ईचारला, तिला बाबांचा नाव घ्यायला काय झाला व्हता? मेलेल्या बापाशी कसली दुश्मनी?"

ठीक. विचारलंस म्हणून लिहिते. हे वाचताना रेश्मा जवळ असेल तर तिला बाहेर पाठव. किंवा नको पाठवूस.

तुला वाटतं मला कॉन्व्हेंटात घातलं आणि तुला गावच्या शाळेत ठेवलं, म्हणून मी साहेबीण झाले आणि बाबांना विसरले. बाबा त्या कॉन्व्हेंटात माळी होते, सिस्टरांनी माळ्याची मुलगी फुकट घेतली, मुलगा घेता येत नव्हता. एवढंच. त्या उपकाराची किंमत तुला कोणी सांगितली नाही. न्हाणीघरात गुणगुणलं तर सिस्टर बेनेडिक्टा पट्टी आडवी नाही, कडेने मारायची, बोटांच्या पेरांवर. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर अजून पुरतं वळत नाही. तुझ्या त्याच बोटावर मुसळ बसलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. आधी आलं असतं तरी मी घातलं असतं.

१९७३ च्या डिसेंबरात स्नेहसंमेलन होतं. प्रत्येकीने आपल्या घरचं गाणं म्हणायचं होतं. मी बारा वर्षांची. मला वाटलं, घरचं म्हणजे आईचं. मी घाण्याचा धवला उचलला. "उखलात परली हलद गो, पयला हात आईचा" एवढं म्हटलं आणि सगळा हॉल हसला. "हलद" म्हणाले म्हणून हसल्या, "गो" म्हणाले म्हणून हसल्या. सिस्टर बेनेडिक्टासुद्धा हसली, ती वर्षातून एकदा हसायची. मी तशीच उभी राहिले, तोंड उघडं, आवाज गेलेला. शेवटी पडदा ओढला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं वऱ्हाडीण. पुढे चार महिने जेवणघरात मी शिरले की मुली ताटं वाजवायच्या. मुरबाडच्या एका दुकानदाराची मुलगी वर्गात होती. तिच्या काकाच्या लग्नात आई गायली होती. तिने सगळ्यांना सांगितलं, हिची आई मांडवाच्या मागे बसून जेवते.

मे महिन्यात घरी आले. तू मामाकडे गेला होतास, आठवतं? आई एका लग्नाला गेली होती. बाबा अंगणात कोयत्याला धार लावत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं. "बाबा, आई लोकांच्या दारात गाते. सगळ्या पोरी मला हसतात. तुमच्या सिस्टर पण हसल्या. तिला थांबवा."

बाबा दगडावर पाणी शिंपडून धार लावत राहिले. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

दिवे लागायच्या वेळेला आई आली. ओटीत तांदूळ होते, वर खण. खूश होती. मला म्हणाली, "जये, आज मी सात पिढ्या बोलावल्या, एक पन चुकली नाय." बाबा आत आले. त्यांनी तिचे केस मनगटाला दोनदा गुंडाळले, जसा बैलाचा कासरा गुंडाळतात. तिला चुलीपाशी ओढली, पेटतं लाकूड काढलं आणि तिच्या तोंडावर दाबलं. "आता गा," म्हणाले. ती ओरडायला गेली म्हणून ते आत गेलं. तांदूळ सगळ्या घरात सांडले. मी दारात कंदिलाची काच पुसत होते. मी काच पुसत राहिले, वाल्मिक. ती स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

मग बाबांनी मला सांगितलं, आई चुलीवर पडली. दुसऱ्या दिवशी तुला मामाकडून आणायला मलाच पाठवलं आणि नदीच्या वाटेवर मी तुला सांगितलं, आई चुलीवर पडली. तू रडायला लागलास तर मी तुला करवंदं दिली. तू आठ वर्षांचा होतास. गेली एक्कावन्न वर्षं तुला जे माहीत आहे ते मी सांगितलेलं आहे.

आईचे ओठ नंतर पुरते मिटले नाहीत. पाणी पिताना हनुवटीवरून ओघळायचं, तू तिला चिडवायचास. ती लग्नांना जातच राहिली, हे तुला माहीत आहे का? पुढे बसून उचलायची नाही. धोंडीबाई उचलायची आणि आई मागून ओळ ओढायची, पदर तोंडावर घेऊन. बाबांनी पुन्हा काही केलं नाही. जे करायचं ते होऊन गेलं होतं.

माझं काय झालं ते सांगते. मी अशी नोकरी धरली जिथे माझा नुसता आवाज लागे आणि तोंड कोणाला दिसत नसे. तीस वर्षं. दोन माणसं मला पाहायला आली, दोघांनी गाणं येतं का विचारलं, दोघांसमोरून मी चहाचे कप उचलून आत गेले. कोणाच्या बारशाला पाळणा म्हटला नाही. आई २००९ साली गेली तेव्हा धोंडीबाई तिच्या उशाशी गात होती आणि मी बाहेर ओटीवर होते.

निवृत्त झाल्यावर एक दिवस उठून डोळखांबची एसटी धरली. कारण विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. धोंडीबाईने मला दारात उभी ठेवली. "हौसाची पोर ना तू? इंग्लिशवाली? काय इसरलीस?" मी वही काढली. ती म्हणाली, "वही कशाला? वहीला काय नवरी व्हयाचं हाय?" तरी मी सगळे धवले उतरवून घेतले, नीट, समास सोडून, ओळीला आकडे टाकून. पाठ केले. घाण्याच्या धवल्यात मेलेल्यांची नावं घरागणिक बदलतात, म्हणून तिथे मी वहीत रेघ ओढून जागा मोकळी सोडली. हीच माझी चूक. रविवारी आईचं नाव घेऊन झालं आणि पुढची रेघ आली. रेघेवर बाबांचं नाव घ्यायचं होतं. मांडवात मी एकटीच अशी होते जिला दिसत होतं की त्या नावाच्या हातात लाकूड आहे. आणि ते मी दिलं होतं.

तुला मेलेल्या बापाशी दुश्मनी दिसली. माझी दुश्मनी कोणाशी होती ते आता तुला कळलं.

जया


डोळखांब
बुधवार, ७ मे २०२५

वाल्मिक,

साईनाथ सांगत होता, पत्र वाचून तू तासभर गोठ्यात बसलास. मग ओटीवर येऊन बाबांचा फोटो उतरवला, पुसला, आणि परत लावला. "काय बोलले?" मी विचारलं. "काय नाय. मला बोलले, जेवून जा." एवढ्यावरून मी काही समजायचं नाही असं ठरवलं आहे.

मी परवापासून इथे आहे. काल पाड्यावर धोंडीबाईच्या नात्यात घाणा होता. सकाळी तिने मला उठवलं, घसा बसलाय म्हणाली. तिचा घसा बसला नव्हता. म्हातारी आदल्या दिवशी कोंबडीमागे ओरडत होती.

मी म्हटलं, "मला नाही जमणार. परत अडकेन. लोक हसतील."

"मंग? लगनात लोक हसाया नाय तं काय रडाया येतात? तुला हसले म्हनून तुझा काय तुटला? हौसाचा तोंड जालला व्हता, ती पंधरा दिवसांनी माझ्या मागं बसून गात व्हती. व्हटातनं पू येत व्हता. पदरानं पुसायची नि ओढायची. बायका नाक दाबायच्या. तुझा तर नुसता मान गेलाय."

मला हे माहीत नव्हतं. पंधरा दिवस.

मी वही न घेता गेले.

वाल्मिक, मी फार वाईट गायले. पहिल्या ओळीलाच सूर वर धरला, पुढे आवाज फाटला. नवरदेवाचा मामा विठू सकाळीच पिऊन बसला होता. "शापूरची म्याडम आलीय रे, ए बी शी म्हन," असं त्याचं चाललं होतं. पोरं हसत होती. गावदेवीच्या आधी मी डोंगराचा देव घेतला, क्रम चुकला, बायका थांबल्या आणि माझं तोंड पुन्हा कोरडं पडलं. तेच. पुन्हा शाळेचा तो सगळा हॉल समोर. हसणं चालू होतं. मी ते हसणं ऐकलं, या वेळी पहिल्यांदा नीट ऐकलं. मुसळाचे सहा ठोके चाललं ते. मोजलेत मी. सहा ठोक्यांनंतर त्यांचं त्यांनाच कंटाळून थांबलं. मी म्हटलं, "झालं हसून? आता देवी घेते," आणि घेतली.

विठूला ते सहन झालं नाही. त्याने पाण्याचा तांब्या फेकला. तो माझ्या कपाळाला लागला आणि भुवईच्या वर फाटलं. रक्त डोळ्यात आलं. दोन बायकांनी त्याला गचांडी धरून बाहेर काढला, तिसरीने चप्पल काढली आणि ती चांगली पाच मिनिटं चालवत होती, आवाज येत होता. धोंडीबाईने उखळातली मूठभर हळद घेऊन माझ्या कपाळावर दाबली, आणि दाबून ठेवूनच म्हणाली, "थांबू नको. आता थांबलीस तं मीच तुला मारीन." मी थांबले नाही. एका डोळ्याने काही दिसत नव्हतं, लोक कमी दिसले, सोपं गेलं.

मग मेलेल्यांची नावं आली. मला त्या घरची माहीत नव्हती. नवरदेवाची आजी रंगू जवळ बसून एकेक सांगत होती, मी घेत होते. तिची सासू, सासरा, नवरा. मग ती म्हणाली, "आता माझा दीर, कान्हा."

बायकांत कोणीतरी श्वास ओढला. धोंडीबाई माझ्या कानात म्हणाली, "बांधाच्या भांडणात त्यानंच हिच्या नवऱ्याला कोयत्यानं तोडलान. हिच्या म्होरं."

मी गाणं न सोडता, ओळीच्या मध्ये, रंगूकडे पाहिलं. ती म्हणाली, "बघतेस काय? घे त्याचा नाव. नाय बोलवला तं भायेर फिरत ऱ्हातो, नि भायेरनं दगड मारतो. आत घे. पन पाट नको देऊ. मांडवाच्या मेढीला उभा कर, लगीन लागंपर्यंत. त्याला समदा दिसू दे."

तर मी कान्हाला आत घेतला आणि मेढीच्या खांबाला उभा केला. रंगूने मान हलवली आणि पुढचं नाव सांगितलं. तो धवला मी खाली ठेवला, वाल्मिक. पुरा. आयुष्यात पहिला. नंतर आडोशाला जाऊन मी रक्ताची साडी बदलली. इथल्या दवाखान्यात चार टाके घातले.

आता कामाचं बोलते.

शनिवारी, १० मेला, सकाळी नऊ वाजता मी म्हशाला येणार. सूप काढून त्याच उखळात, त्याच हळदीला, जिथे थांबले तिथून पुढे धवला उचलणार. माझं कपाळ शिवलेलं आहे, गाल अजून काळा आहे, तुझा हात प्लास्टरमध्ये आहे. तुझे व्याही काय म्हणतील ते म्हणोत. त्यांना हसायला सहा ठोके देईन, त्याहून जास्त नाही. आवाज फाटेल, तो मी लपवणार नाही.

बाबांचं नाव मी घेणार आहे. मोठ्याने घेणार आहे. आईला मी उखळाजवळ पाट देणार, पहिला हात तिचा. बाबांना मेढीपाशी उभं करणार, रेश्माच्या गळ्यात माळ पडेपर्यंत. का उभं केलं असं कोणी विचारलं, तर तिथेच सांगणार. आणि ज्या मुलीने अंगणात जाऊन त्यांना सांगितलं, ती जिवंत आहे म्हणून तिला धवल्यात जागा नाही. पण तिलाही मी पाट देणार नाही. मी उभी राहून गाईन. माझे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे, आणि घाण्याचा धवला दीड तासाचा आहे.

हे तुझ्या मांडवात व्हायचं आहे, म्हणून तुझं 'हो' हवं. तुझ्या मनात बाबा जसे आहेत तसे ठेवायचे असतील तर मला समजेल. पण मग तुझ्या मुलीची हळद उखळात पडून राहील आणि ती तुला काय ते विचारेल, तिला उत्तर तू दे. तिला करवंदं देऊन चालणार नाही, ती सव्वीस वर्षांची आहे.

तू मला मारलंस त्याबद्दल काही लिहू नकोस. मी तुला मारलं त्याबद्दल मीही लिहिणार नाही. ते दोन्ही आपण म्हातारे होऊन बोलू, म्हणजे पुढच्या वर्षी.

'हो' किंवा 'नाही', खाली सही, तारीख आणि वेळ. अनिताकडून निरोप नको, रेश्माकडून मेसेज नको, कोरा कागद नको. साईनाथ शुक्रवारी दुपारी तुझ्या दारात येऊन थांबेल. मला तुझं लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक ९ मे २०२५, संध्याकाळी सहा वाजायच्या आत शहापुरात हातात पाहिजे.

जया